वडील असताना केलेला गोटा

सांगलीत केसांचं रोपण करताना डॉक्टरांनी आधी माझं सगळं डोकं भादरलं. वडिलांना मी काही सांगितलंच नव्हतं. चाळिशीत नटायला निघालास काय, म्हणून त्यांनी जीव खाल्ला असता. त्यात टोपी नेमकी एसटीत विसरली.

मेढ्याच्या स्टँडवर पलीकडच्या वाडीतल्या मावशींनी माझा गोटा पाहिला आणि पदर डोळ्यांना लावला. "कवा गेलं रं तुझं वडील?"

आमच्याकडे बाप्याचं डोकं असं दिसलं की दुसरा अर्थच निघत नाही. बाई मला बोलू देतील तर शपथ! रडत रडत थेट घरापर्यंत आल्या.

वडील ओसरीवर चहा पीत बसले होते. "आवं, मी हाय की अजून!" म्हणत इतके हसले, की बशीतला चहा धोतरावर सांडला. मग त्यांना माझ्या डोक्यावरचे लाल ठिपके दिसले आणि सगळं सांगावंच लागलं. मी शिव्यांची वाट पाहत उभा राहिलो.

"लय दुखलं का रं?"

"व्हय."

"मग मी खरंच गेलो तरी ही केसं काढू नगंस. एवढं सोसून लावल्यात."