शाळेचा ड्रेस

अमरावतीत आमच्या घरापासून बरीच लांब, रेल्वे फाटकापलीकडे, शाळेचे ड्रेस शिवणारी एक बाई आहे. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या आणि त्या सांभाळतच बोलणं. माप घेतलं की आकडा मोठ्यानं सांगते, मशीनवरचा नवरा लिहून घेतो.

नववीतल्या माझ्या मुलीची कंबर मोजताना मात्र ती गप्प झाली. बाकावर वर्गातल्या दोघी बसल्या होत्या. "पोरींनो, जरा बाहेर व्हा. उजेड अडून राहिला," असं त्यांना म्हणाली आणि माप नवऱ्याच्या कानात सांगितलं. लेकीनं मान वर केली नाही. ट्यूशनहून आली की गादीवर मोबाइल आणि चिप्सची पुडी, हेच तिचं चाललं होतं. मी बोलले की रात्री जेवायचीच नाही.

मग ड्रेस मिळेना. आणायला गेलेल्या लेकीला बाई म्हणाली, "हुक लावाचे राहिले. उद्या ये. गाडी नको आणू, इथं जागा नाही." लेक रोज संध्याकाळी पायी जाऊ लागली. शेवटी मीच चिडून गेले. ड्रेस इस्त्री करून खुंटीला लटकवलेला होता.

"कवाचाच झाला," टाचण्या काढून बाई हळूच म्हणाली. "पायी येते, दोन गोष्टी बोलते. येऊ द्या न तिले. काही सांगू नका."

घरी आले तर लेक चपला घालत होती.

"आई, आज देतील का वं त्या काकू ड्रेस?"

खरं कळलं तर ती त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नव्हती.

"बघून ये," मी म्हटलं, आणि ती जिना उतरेपर्यंत तिच्याकडे पाहिलं नाही.