सशाला गुलाल

प्रदर्शनात ससा घेऊन जाते म्हटलं की आमच्याकडे लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "किती किलोचा?" आणि दुसरा, "रस्सा करायचा की सुकं?" डहाणूच्या रिक्षात, वाणगावच्या बाजारात, कुठेही जा. आधी मी भांडायचे. मग समजावायला लागले, की बाबांनो, हा अंगोरा आहे, शोभेचा. याचे केस, कान, दात, नखं बघतात आणि नंबर देतात. तर त्यावर "म्हणजे खात नाहीत?" असं वर तोंड करून विचारतात! आता मी टोपली मांडीवर घट्ट धरून गप्प बसते.

सगळ्यात जास्त चेष्टा माझ्या सासऱ्यांनी केली. ते उधव्याला राहतात, भात-नाचणी करतात आणि जन्मभर बैलांत रमले. त्यांच्या लेखी जनावर म्हणजे बैल, बाकी सगळी पिल्लावळ. डहाणूला आमच्याकडे आले की पिंजऱ्यांसमोर उभे राहून म्हणायचे, "सूनबाई, हे नांगराला कधी जुंपणार?" मीही कमी नाही. "बाबा, तुमचा बैल मांडीवर घेता येतो का?" मग हसायचे. पण प्रदर्शनाला कधी आले नाहीत. या माणसाला जनावर कळतं आणि माझंच तेवढं दिसत नाही, याचं वाईट वाटायचं मला.

यंदा तलासरीला शाळेच्या मैदानात प्रदर्शन भरलं आणि बाबा आले. धुतलेला सदरा, टोपी, आणि शेळ्या-कोंबड्यांकडे ढुंकूनही न बघता थेट सशांच्या टेबलाशी. माझी पांढरी मादी तिथे होती. तिचे केस मी रोज संध्याकाळी विंचरायचे, गुंता बोटांनी सोडवायचे, कात्री म्हणून लावायची नाही. परीक्षकांनी तिला उताणी केली, केसांत फुंकर मारून कातडी बघितली, दात बघितले, आणि पहिला नंबर तिला दिला.

मी ट्रॉफी घेऊन वळले तर बाबांनी खिशातून पुडी काढलेली. त्यांच्याकडे बैल जिंकला की घरातलं वडीलधारं माणूस त्याच्यावर गुलाल टाकतं. त्याशिवाय जिंकणं पुरं होत नाही. म्हणजे ते घरून गुलाल घेऊनच निघाले होते! मी "बाबा, नको" म्हणेपर्यंत मूठ उधळून झाली. "आपलं जनावर जिंकलं!" असं ओरडले ते. आपलं म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बैलाला नदीवर नेऊन धुता येतं. ससा स्वतःला चाटून साफ करतो आणि पोटात गेलेलं त्याला ओकता येत नाही. अंगोराला भिजवावं तर केसांचा लगदा होतो, तो वाळता वाळत नाही आणि जनावर गारठून जातं. मी सगळ्यांसमोर किंचाळले, "अहो, काय केलंत हे! मरेल ना ती!" त्यांचा हात तसाच वर राहिला.

घरी आल्यावर ब्रशने, ड्रायरच्या हवेने जमेल तेवढं झटकलं. शेवटी कात्री घेतली आणि सगळे केस उतरवले. पण वाटेतच टोपलीत ती अंग चाटत बसली होती. सकाळी तिने गवताला तोंड लावलं नाही. सशाचं दुखणं लेंड्यांवरून कळतं, आणि पिंजऱ्याखालचा ट्रे रिकामा होता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पोट चोळत राहा म्हणाले. मी आणि नवरा आळीपाळीने चोळत बसलो. ससा दुखलं तरी ओरडत नाही, नुसते दात खातो. माझ्या मांडीवर ती दात खात होती, मग तेही थांबलं.

"बाबांना ऊन लागून गेली म्हणून सांगू," नवरा म्हणाला. "या वयात मनाला लावून घेतील." सासूबाईंचंही फोनवर तेच. मला पटत नव्हतं, पण वाद घालायचं त्राण नव्हतं.

तिची खबर घ्यायला बाबा स्वतःच आले, एसटीने, हिरव्या गवताची पेंडी बगलेत घेऊन. तिच्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर थांबले. नवरा घाईघाईने म्हणाला, "ऊन लागलं हो तिला, बाबा." त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"सूनबाई, तू सांग. माझ्या गुलालाने गेली?"

नवरा मला डोळ्यांनी खुणावत होता. मला बाबांचा राग होता, खरंच होता. आणि इतक्या वर्षांनी ते माझ्या सशाला आपलं म्हणाले होते. अशा माणसाला थाप मारून लहान पोरासारखं गप्प करायचं?

"हो, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी पेंडी हळूच खाली ठेवली. मग म्हणाले, "माझे बैल पण अंग चाटायचे गं. प्रत्येक वेळी टाकला मी, मुठी भरभरून. त्यांच्या पोटात काय होत असेल, मला कोणी सांगितलंच नाही."

"बैलाचं वेगळं असतं, बाबा, एवढ्याशाने त्याला काही होत नाही," मी म्हणत राहिले. ते ऐकत नव्हते.