पाचवी नदी कुणी बघितलीय?

माझ्या चुलत सासऱ्यांइतका शाळेवर चिडलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा नव्हता, आणि असलाच तर तो आमच्या काकांनीच चिडवून तयार केलेला असणार. लोक पावसावर चिडतात, सुनेवर चिडतात, सरकारवर तर ऊठसूट चिडतात. काका सकाळी उठून तोंड धुवायच्या आधी शाळेवर चिडायचे. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरामागे मुलांची शाळा भरायची. तिथून पाढ्यांचा गलका सुरू झाला की काका माडीच्या खिडकीत उभे राहून म्हणायचे, “भरला बघा कोंडवाडा! गुरं बरी, ती निदान हंबरताना आपापलं तरी हंबरत्यात.” काकांना ना बायको ना मूल. काकी लवकर गेल्या, आणि तेव्हापासून ते थोरल्या भावाच्या म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या घरातच होते. संस्थानच्या मोजणी खात्यात तीस वर्षं साखळी घेऊन ते रानोमाळ फिरले. संस्थान विलीन झालं, त्या धांदलीत काका घरी बसले, पण साखळी काही डोक्यातनं गेली नाही. पायानं चालल्याशिवाय आणि डोळ्यानं बघितल्याशिवाय कागदावर रेघ ओढायची नाही, हा त्यांच्या खात्याचा नियम. तो त्यांनी जेवणाखाण्यापासून देवधर्मापर्यंत सगळ्याला लावला. सासूबाईंनी आमटीत मीठ बरोबर आहे असं सांगितलं तरी काका आधी बोट बुडवून बघायचे, मग हो म्हणायचे.

एकदा मागच्या शाळेतनं “म्हैस हा उपयुक्त प्राणी आहे, म्हशीला चार पाय असतात” असा घोष ऐकू आला. चाळीस पोरं, एका सुरात. आता मला सांगा, ज्या गावात गल्लोगल्ली म्हैस दारात उभी करून समोर धार काढून देतात, त्या गावातल्या पोरांनी म्हशीचे पाय पुस्तकातनं मोजायचे? काकांनी पायात चपला सरकवल्या, तडक गंगावेस गाठली आणि एका गवळ्याला म्हशीसकट शाळेच्या व्हरांड्यात आणून उभं केलं. मास्तरांना म्हणाले, “ही घ्या म्हस. हिची शिंगं कुठल्या अंगाला वळलीत ते एका तरी पोराला विचारा.” मास्तर गडबडले. म्हणाले, “अहो, म्हशीचा तास संपला. आता गणित आहे.” काका ऐकतात होय! पोरांना बाकावरनं उठवून त्यांनी म्हशीभोवती गोळा केलं आणि ती दिवसाला किती पेंड खाते, किती दूध देते, हे गवळ्याला विचारून तिथल्या तिथे गणित मांडलं. अर्ध्या तासानं गवळीच रडकुंडीला आला. “काका, सोडा की आता. पोरं शिकतील का न्हाई ठावं न्हाई, पर उभं राहून आटंल माझी म्हस!” तेवढ्यात म्हशीनं व्हरांड्यात जे करायचं ते केलं, आणि त्या दिवसापासून काकांना शाळेच्या फाटकातनं आत यायची बंदी झाली. ही बंदी काका पदवी मिळाल्यासारखी सगळ्यांना सांगत फिरायचे.

असल्या माणसाच्या पदरी परीक्षेसाठी शिकणारी पोर पडली, ती मी. माझी शाळा चौथीत सुटली. वडील म्हणाले, पुरे झालं, आणि पंधराव्या वर्षी लग्न करून मी या घरात आले. पण वाचायची खोड काही गेली नव्हती. एकदा गुळाच्या पुडीचा कागद चुलीपुढे उभ्या उभ्या वाचत होते, तोंडानं नाही, नुसत्या डोळ्यांनी, तरी काकांनी दारातनं ओळखलं. “सूनबाई, वाचतीस व्हय?” मी कागद चुलीत टाकला. काका म्हणाले, “जाळतीस कशाला? तुला काय व्हायचंय ते सांग.” कुणी असं आजवर विचारलंच नव्हतं हो! मी म्हटलं, “मला बाहेरून फायनलला बसायचंय. मास्तरीण व्हायचंय.” फायनल म्हणजे सातवीची परीक्षा. तेव्हा फायनल झालेल्या बाईला शाळेत नोकरी मिळायची. काकांचा चेहरा असा झाला की जणू मी पोलिसात जाते म्हटलं होतं. जरा वेळ मिशीवरनं बोट फिरवून म्हणाले, “मास्तरीण हो. पर शिकवीन मी.”

सासूबाई सहजासहजी ऐकणाऱ्या नव्हत्या. चार दिवस घरात भांडी आपटली. शेवटी त्यांनी निकाल दिला, “एक वर्ष. एकच. पास झाली तर करू दे मास्तरकी. न्हाई तर पुन्हा या घरात शाळेचं नाव निघता कामा नये.” आमचे हे कचेरीत कारकून. ते नेहमीप्रमाणे म्हणाले, “आई म्हणेल तसं.” म्हणजे माझा सगळा जन्म त्या एका वर्षावर टांगला गेला, आणि तो कुणाच्या हाती, तर पुस्तक बघितलं की कपाळाला आठी घालणाऱ्या माणसाच्या!

काकांनी पुस्तक आणलंच नाही. घरात बसून शिकायचं नाही, हा त्यांचा हट्ट, आणि तरण्या सुनेला गावातनं हिंडवायचं म्हटलं तर सासूबाई जीव घेतील. काकांनी उपाय काढला, देवदर्शन. देवाला जाते म्हटल्यावर सासूबाईंचं तोंड बंद. अशी मी पहिल्यांदा गणित शिकायला रंकाळ्यावरच्या नंदीला गेले. हा नंदी रोज गव्हाभर पुढे सरकतो आणि तांदळाभर मागे येतो, आणि तळ्याला पोचला की जगबुडी होते, असं आमच्याकडे सगळे सांगतात. काकांनी धोतराच्या सोग्यातनं दोन पुड्या काढल्या. “मांड. शंभर गहू एका रांगेत, शंभर तांदूळ दुसऱ्या.” देवळाच्या दगडावर बसून मी नऊवारी सावरत दाणे मांडले, काकांनी पट्टी लावली, येणारेजाणारे थांबून बघायला लागले. घरातनं नेलेला घनसाळ तांदूळ गव्हाहून आखूड, म्हणजे नंदी पुढे चाललाय. शेजारच्या बाईच्या ओच्यात दुसरा तांदूळ होता तो लावून बघितला, तर तो लांब, म्हणजे नंदी उलटा मागे निघाला! काका खूश होऊन म्हणाले, “बघितलंस? गोष्ट सांगणाऱ्यानं तांदूळ कुठला ते सांगितलंच न्हाई.” सरासरी, अपूर्णांक, वजाबाकी, सगळं मी त्या दगडावर शिकले, आणि ते आजतागायत विसरलेले नाही. घरी आल्यावर सासूबाईंना हिशेब सांगितला. त्या काळजीनं म्हणाल्या, “मग यंदापास्नं घनसाळ नकोच गं आणूया.”

भूगोलासाठी माघस्नान. प्रयाग चिखलीला पंचगंगा सुरू होते तिथं आमच्याकडच्या बायका माघात स्नानाला जातात, तेव्हा सासूबाई स्वतः बरोबर आल्या. त्या पाण्यात उतरल्या आणि काकांनी मला काठावर उभं केलं. “मोज. किती नद्या येत्यात?” मी बघितलं, म्हटलं, “दोन.” एका बाजूनं कासारी, एका बाजूनं भोगावती. तिथं एक म्हातारी धुणं धूत होती, तिला काकांनी विचारलं. ती म्हणाली, “कुंभी आन तुळशी वरच मिळत्यात की भोगावतीला. हितं कशाला येत्यात!” पण ऐकीव गोष्ट काका कशी लिहू देतील? पुढच्या दोन रविवारी लांबच्या नातेवाइकांना भेटायच्या निमित्तानं बैलगाडीतनं आम्ही वर गेलो आणि कुंभी बघितली, तुळशी बघितली. झाल्या चार. मी विचारलं, “आणि सरस्वती? सगळे पाच म्हणतात.” काका म्हणाले, “गुप्त हाय म्हणत्यात. तीस वर्षं ह्या मुलखात साखळी वढली, मला न्हाई गावली. ज्यानं बघितली त्यानं लिहावी.”

आणि परीक्षेत प्रश्न आला, पंचगंगेला मिळणाऱ्या पाच नद्यांची नावे लिहा. गुण पाच. खरं सांगते, हात पाचव्या नावावर गेला होता. पण काठावरचे काका डोळ्यांपुढे आले. मी चार नावं लिहिली, कुठली कुठं मिळते ते लिहिलं, आणि खाली लिहिलं, “पाचवी मी पाहिलेली नाही.”

निकाल लागला. सगळ्या विषयांत पास, भूगोलात दोन गुणांनी नापास.

काका परीक्षेच्या कचेरीत गेले. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी पेपर काढून दाखवला. त्या उत्तराला भोपळा, आणि शेजारी लाल शाईनं एकच शब्द, “उद्धट”. अहो, चार नद्यांचे चार गुण तरी द्यायचे! चार नद्या काय मी घरातनं आणून सोडल्या होत्या? आज इतकी वर्षं झाली, मी स्वतः हजारो पेपर तपासले, तरी तो शब्द आठवला की माझं डोकं भणभणतं. काकांनी साहेबांना विचारलं, “पाचवी नदी कुणी बघितलीय?” साहेब म्हणाले, “पुस्तकात आहे.” “पुस्तकवाल्यानं बघितलीय?” “त्यानं आधीच्या पुस्तकातनं घेतलं असणार.” “आन त्या आधीच्यानं?” साहेबांनी चहा मागवला. काका म्हणाले, “चहा दिसतोय, म्हणून घेतो,” आणि कप रिकामा करून उठले. गुण काही वाढले नाहीत.

घरी सासूबाई वाटच बघत होत्या. “सरस्वतीलाच न्हाई म्हणालीस. ती इद्येची देवता, ती तुला पास करंल होय?” मी चुलीपुढे बसून रडत होते. वर्ष संपलं होतं. तेवढ्यात काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले आणि एरवी भावजयीपुढे ताठ उभे राहणारे काका खाली जमिनीवर बसले. म्हणाले, “वहिनी, ही नापास झालेली न्हाई. मी झालोय. वर्ष तिचं न्हवतं, माझं होतं. मला अजून एक वर्ष द्या.” सासूबाईंचा हात भाकरीवरच थांबला. काकांनी त्या घरात कधी कुणाकडे काही मागितलेलं नव्हतं. भाकरी उलटून त्या म्हणाल्या, “देते भावजी. पर घरात बसून शिकवायचं. आन पुस्तकात हाय तेच, तसंच.” काका “बरं” म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाजारातनं उत्तरांसकट प्रश्नांचं पुस्तक आणलं, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणाला दिसू नये असं बगलेत मारून. वर्षभर रोज दुपारी माडीवर मी पाठ म्हणायची आणि काका माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसायचे. “म्हण.” मी म्हणायची, “पंचगंगेला मिळणाऱ्या नद्या पाच. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती.” सरस्वती आली की काकांना खोकला यायचा. दर वेळी. मग म्हणायचे, “पुन्हा म्हण.” मागच्या शाळेतला गलका आणि माझा आवाज एक व्हायला लागला की ते उठून खिडकी लावून घ्यायचे. त्या वर्षात त्यांनी कोंडवाडा हा शब्द एकदाही काढला नाही. मला त्यांचा राग येत होता, परीक्षेचा येत होता, आणि सगळ्यात जास्त दया येत होती. साठीच्या माणसानं दुसऱ्याच्या पोरीसाठी आपला जन्माचा नेम मोडायचा, आणि तो कुणी मोडायला लावला, तर विद्या देणाऱ्यांनी!

मी पास झाले. पहिल्या वर्गात. पुढे नेमणुकीचा कागद आला तेव्हा देवाला आणि सासूबाईंना नमस्कार करून मी माडीवर गेले आणि बाहेर निघालेल्या काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा करून पाठीमागनंही बघितला. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “काय मास्तरीणबाई, पंचगंगेला नद्या किती?”

“पाच,” मी म्हटलं. श्वाससुद्धा घेतला नाही. “कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, सरस्वती.”

या वेळी काका खोकले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले, मग हसले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “पास झालीस गं पोरी.” आणि चपला शोधायला लागले. चपला त्यांच्या पायातच होत्या.

पुढच्या दिवाळीच्या आत काका गेले. माझ्या शाळेत ते एकदाही आले नाहीत. मी बोलावलं की म्हणायचे, “मला बंदी हाय न्हवं शाळंत.” नोकरीची सगळी वर्षं मी माघात पोरींना प्रयागला नेत होते, दरवर्षी कुणी ना कुणी माझ्याविरुद्ध तक्रार करत होतं, आणि मी दरवर्षी तितक्याच तिरमिरीत उत्तर देत होते. काठावर उभं करून विचारायची, “किती दिसतात?” पोरी बोटं मोजून खरं ते सांगायच्या, “दोन, बाई.” मग मी त्यांना वरच्या दोन दाखवायला न्यायची. दर वेळी एखादी विचारायचीच, “बाई, पाचवी कुठं हाय?” मी म्हणायची, मला माहीत नाही. पोरींना हे सांगताना जीभ कधी अडखळली नाही. ज्या एका माणसापुढे सांगायला हवं होतं, त्याच्यापुढेच पाठ केलेलं बाहेर पडलं.

चार, काका. मी बघितल्यात. चारच हायत.