धाविकाची अंडी आणि माझे पांढरे दगड

जतच्या बाजूचं एक राखीव माळरान सांभाळायची नोकरी मला लागली, तेव्हा आमच्या उसाच्या पट्ट्यातल्या घरी सगळे हसले. फौजेतून निवृत्त झालेले वडील म्हणाले, "कुसळं राखायला माणूस कशाला लागतंय?" मला राग आला. खरं सांगायचं तर पहिला महिनाभर मलाही तोच प्रश्न पडला होता.

मग धाविक दिसला. तांबूस अंगाचा, उंच पायांचा पक्षी. चार पावलं पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. माळ नांगरले गेले तसा तो कमी होत गेला. आमच्याकडे एकच जोडी उरली होती. ती घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते. ढेकळाच्या रंगाची दोन अंडी, पायाखाली आली तरी कळायची नाहीत.

मी उत्साहाने अंड्यांभोवती चार दगड पांढरे रंगवून ठेवले, म्हणजे मेंढरं वळवता येतील. रोज सकाळी जाऊन बघायचे. तिसऱ्या दिवशी अंडी गायब. काही दिवसांनी जोडीने दुसरीकडे अंडी घातली. मी पुन्हा दगड ठेवले, अंडी पुन्हा गेली. एक म्हातारी मावशी तिथे मेंढरं चारायची. मी सगळं खापर तिच्यावर फोडलं आणि उद्यापासून आत यायचं नाही म्हणून बजावलं.

ती भांडली नाही. "न्हाई येत. पर मेंढरू अंड्यावर पाय देत न्हाई, बाई. पाखरू पंख पसरून हुबं ऱ्हातं, कळप आपसूक बाजूला हुतो. तुमी कवा बगितलंय का?"

बघितलं नव्हतं. "मग अंडी खातं कोण?"

"कावळा. पांढरा दगड दिसला की त्येला कळतंय, हितं जेवण हाय."

मला ते लय झोंबलं. पण खरं काय ते बघितल्याशिवाय चैन पडेना. जोडीने तिसऱ्यांदा अंडी घातली तेव्हा मी एकही दगड ठेवला नाही. मावशीला मेंढरं घेऊन बोलावलं आणि आम्ही दोघी लांब बाभळीखाली बसलो. कळप सरळ अंड्यांवर चालून गेला. माझा जीव टांगणीला. पक्षी उठला, पंख पसरून जागेवरच उभा राहिला. पुढची मेंढी थबकली, वळली. बाकीच्या तिच्यामागून वळून गेल्या.

इतका आनंद झाला की अंडी शाबूत आहेत का बघायला मी उठलेच. मावशीने पदराला धरून खाली बसवलं आणि वर बोट दाखवलं. आमच्याच बाभळीवर कावळा बसला होता. तो पक्ष्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. रोज सकाळी मीच त्याला वाट दाखवत होते.

ऊन डोक्यावर येईपर्यंत आम्ही तिघं बसून राहिलो. शेवटी कावळाच कंटाळून उडाला.

त्यानंतर मी तिकडे पाऊल टाकलं नाही. कार्यालयाच्या तक्त्यात 'अंड्यांची स्थिती' या रकान्यात मी 'माहीत नाही' लिहिलं. सकाळ झाली की पाय शिवशिवायचे, आणि अंडी गेली असतील या भीतीने जेवण जायचं नाही. बऱ्याच दिवसांनी मावशी वाटेत भेटली.

"दोन पिल्ली पळाय लागल्यात," ती म्हणाली.

कुठे, हे अगदी जिभेवर आलं होतं. ते गिळून मी तिच्या मेंढरांची चौकशी केली.