पारबता मावशीचं मत

मत मागायला कोणीही आला, की पारबता मावशी आधी पाणी द्यायची आणि मग विचारायची, "समोरच्या पार्टीचा एक तरी चांगला काम सांग बाबू, मंग मत माग." भलेभले पुढारी तिच्या ओसरीवर पाण्याचा गिलास हातात धरून नुसते बसलेले मी पाहिले आहेत. शिव्या द्यायला सांगितल्या असत्या, तर तासभर बोलले असते!

मावशी आमची शेजारीण. एकटी, धानाच्या रोवणीला जाणारी, तोंडाची फटकळ. कामठ्याजवळच्या आमच्या गावात तेव्हा लग्नाची पत्रिकासुद्धा पार्टी पाहून जायची. मावशीचा नवरा गेला तेव्हा अर्धं गाव मयतीला आलं नाही, कारण तो दुसऱ्या पार्टीचा. "मेल्यावर कोनती पार्टी राहते गा?" असं ती पुढं कितीतरी वर्षं विचारायची.

प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, की ती मत कोणालाच देत नसे. पण घरीही बसत नसे. कागदी मतपत्रिकेच्या काळात कोरीच घडी पेटीत टाकायची. मग यंत्र आलं आणि पंचाईत झाली. मी त्या वर्षी एका पार्टीचा एजंट म्हणून केंद्रात बसलो होतो. बोटाला शाई लागल्यावर मावशी केंद्रावरच्या साहेबांना ठणकावून म्हणाली, "मले कोनालेच नाही द्याचा. तसा लिहून घ्या." नियमात ते बसत होतं, पण साहेब गडबडले. शेवटी त्यांनी शेरा लिहिला, अंगठा घेतला. आम्ही सगळ्या पार्ट्यांचे एजंट समोरच!

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढं घरकुलाचा विषय निघाला, की दोन्हीकडचे म्हणत, "ते काही आपली नाही." तिची मागची भिंत खचलेली होती. मला राहवेना. म्हटलं, "मावशी, चारचौघात कायले सांगून राहिली? दाब ना एखादा बटन." तर माझ्यावरच उखडली. "मत माझा आहे, घरकुल सरकारचा आहे. तुमी मधात कोन?" भिंतीला बांबूचा टेकू लावला आणि पुढच्या निवडणुकीत पुन्हा तेच केलं. बाई मोठी हट्टी! "पाहशील तू, एक दिवस सारे उमेदवार एका सतरंजीवर बसतीन," म्हणायची. आम्ही हसायचो.

मग यंत्रावर 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटन आलं. मावशीनं खुशीत आम्हाला चहा पाजला. पण त्याच निवडणुकीत एक तरुण उमेदवार तिच्या ओसरीवर आला आणि प्रश्न ऐकून सरळ म्हणाला, "कालव्याचा पानी आपल्या शिवारात त्याईनंच आनला जी. खोटं कायले बोलू?"

मावशी त्याच्याकडे पाहतच राहिली. "तुह्या सभेत सांगशील?"

त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. त्याचेच कार्यकर्ते चिडले.

मतदानाच्या दिवशी मावशी केंद्राबाहेर आली, तर दोन्ही पार्ट्यांनी तिला घेरलं. पोराला दिलं, की नवं बटन दाबलं? सगळ्यांत पुढं मीच. "काय केलं, मावशी?"

"इतके साल 'कोनालेच नाही' हे तुमच्या तोंडापुढं सांगा लागला," ती हसत म्हणाली. "आता बटन आहे ना, मंग काऊन सांगू?"

पुढच्या उन्हाळ्यात मावशी गेली. तिनं कोणतं बटन दाबलं, हे गावात आजही कोणाला ठाऊक नाही. मला तर त्याचं फार बरं वाटतं.