पिवळ्या जारला युरिया

नागभीडला गाडीतून उतरले तेव्हा माझ्या एका हातात सूक्ष्मदर्शकाची पेटी होती आणि दुसऱ्या हातात अंगठा तुटलेली चप्पल. पुण्याहून शेवाळ बघायला आलेय, असं डब्यातल्या एका बाईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "आमच्या बोडीत (शेततळ्यात) चिक्कार हाये जी. काऊन एवढा तरास घेतला?"

मूलमार्गे पोंभुर्ण्याकडे जाणारी एसटी सागाच्या जंगलातून निघाली. मधूनच धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातखाचरं) दिसत. पलीकडच्या एका खेड्यात माझी जुनी विद्यार्थिनी रंजना शिक्षिका आहे. दुसऱ्या दिवशी गडचिरोलीला विज्ञान प्रदर्शन होतं. तिने जारांत वाढवलेल्या शेवाळात परीक्षकांना तेल दिसलं तर शाळेची रिकामी खोली प्रयोगशाळेला मिळणार होती, नाहीतर तिथे मोडकी बाकं रचायचं ठरलेलं होतं. दोन वर्षं ती त्या खोलीसाठी भांडत होती.

कृती मीच फोनवर सांगितली होती. नत्र आणि स्फुरद भरपूर मिळालं की सूक्ष्म शेवाळ हिरवंगार होऊन भराभर वाढतं, पण तेल साठवत नाही. पोट भरलेलं असताना साठवायचं कशाला? नत्र तोडलं की वाढ थांबते, रंग पिवळट होतो आणि पेशी तेल धरू लागतात. मात्र पहिल्यापासूनच उपाशी ठेवलं तर तेल धरायला पेशीच पुरत नाहीत. म्हणून आधी जेवण, मग उपास.

रंजना चार दिवस प्रशिक्षणाला जाऊन त्याच दिवशी परतली होती; तोवर शाळेची किल्ली शेजारच्या महादेवभाऊंकडे होती. भाऊ पिढीजात धान पिकवणारे. आम्ही तिघं शाळेच्या व्हरांड्यात शिरलो. शेवाळाच्या तीन जारांपैकी दोन हिरवेगार! रंजना भाऊंकडे वळली.

"भाऊ, याच्यात काही टाकलं का तुमी?"

"पिवळे पडून राह्यले होते ना जी. धान पिवळा पडला तं युरियाच टाकतो आपण. चिमूट चिमूट टाकला. पाहा, कसे टवटवीत झाले!"

माझं डोकंच फिरलं. युरिया म्हणजे नत्रच! या गावात पिवळं दिसलं की कुणाचाही हात युरियाकडे जातो, आणि मी "रंग पिवळा पडू द्या" एवढं जारवर लिहायला सांगितलं नव्हतं. चूक माझीच, पण चिडले भाऊंवर.

"आणि हा तिसरा?" मी विचारलं.

"तो तं गेलाच होता बाई. मेलेल्याले काऊन खत वाया घालू?"

मी त्या मेलेल्यातला थेंब काचेवर घेतला. प्रत्येक पेशीत तेलाचे चकचकीत मणी! हिरव्या जारांत मात्र नावाला. रंजना रडत रडत हसायला लागली. भाऊंच्या घरी लाखोरीचं वरण (लाख डाळीचं) आणि भात मी तीनदा वाढून घेतला.

सकाळी जीपमधून तिन्ही जार निघाले, भाऊही आले. वैनगंगेच्या पुलावर एक जार हिंदकळून माझी साडी हिरवी झाली. परीक्षकांनी विचारलं, हे दोन हिरवे कशाला? रंजना काही बोलायच्या आत भाऊ पुढे झाले. "चुकी माही हाये साहेब. मी याहिले जेवू घातलं, तं वाढले पण तेल नाई धरलं. तो उपाशी राह्यला, त्यानं धरलं." परीक्षकांनी तिन्ही थेंब निरखून पाहिले आणि खोली मंजूर झाली.

परतीच्या वाटेवर जाणवलं, इतकी वर्षं हा धडा शिकवला, पण दोन वाक्यांत तो मला कधी जमला नव्हता. भाऊंवर चिडल्याची लाज वाटली. पुण्याला पोचले तोच त्यांचा फोन आला.

"बाई, परीक्षा झाली ना आता? मंग त्या तिसऱ्याले खाऊ घालू का? रोज दिसते तो मले."

"घाला भाऊ," म्हटलं, "पोटभर घाला."