आरपार न दिसणारी चादर

"मावशी, अम्मी गेल्या. चादर धरायला तुम्हीच या, असं सांगून ठेवलंय त्यांनी." हलिमाखालाच्या सुनेचा, रेहानाचा फोन आला तेव्हा मी पडघ्याला बहिणीकडे होते. रडायचं सुचलंच नाही. बस पकडली आणि वाटभर एकच विचार... मी बौद्धाघरची बाई, आणि हिने शेवटच्या आंघोळीला माझे हात मागून ठेवले.

कामतघरला आमची दारं समोरासमोर. मोहल्ल्यातली बाई गेली की दफनाआधी तिला न्हाऊ घालायला खालालाच बोलवायचे. तिथे काय पाहिलं ते ती कधी बोलली नाही. एरवी मात्र तोंडाची भारी फटकळ, माझ्या आमटीला ती बिनदिक्कत गरम पाणी म्हणायची. नवऱ्याने स्वतःच्या लूमवर तिला एक जाड चादर विणून दिली होती, भिजली तरी आरपार दिसू नये अशी. मय्यतीवर चादर आणि धुणारा हात चादरीखाली. लूम पुढे भंगारात गेले, चादर टिकली.

मग शबनम वारली. शबनम तृतीयपंथी, गल्लीच्या टोकाला भाड्याने राहायची. लग्नाघरी, बाळंतघरी तिचा आशीर्वाद सगळ्यांना हवा असे. मेल्यावर मात्र पुरुष म्हणाले, हे बायकांचं काम; बायका म्हणाल्या, पुरुषांचं. ऊन चढत चाललं, तरी कोणी हात लावेना. खाला उठली तशी एक जण म्हणाला, "खाला, पहले ये तो तय हो, औरत में गिनें के मर्द में."

"वरच्यानं तय करूनच पाठवलंय," खालाने चादर खांद्यावर टाकली. "चादरीखाली माझा हात जातो, नजर न्हाय जात. आजवर कुणाचं बघितलं न्हाय, मग हिचंच काय बघू?" बायका मागे सरल्या तेव्हा ती माझ्याकडे वळली. "सुनंदा, टोक धर. डोळे खाली."

लेकीला न्हाऊ घालावं तसं तिने शबनमला न्हाऊ घातलं. दर पौर्णिमेला विहारात मी करुणा हा शब्द म्हणते. तो त्या दिवशी समोर पाणी ओतताना पाहिला. एवढ्या मोठ्या प्रश्नाला तिचं उत्तर एका चादरीएवढं होतं... पुढे काही घरांनी तिला बोलावणं सोडलं. मी चिडले, तर म्हणाली, "त्यांची मय्यत, त्यांची मर्जी. माझ्या वक्ताला कोण येतं तेवढं बघायचं."

ते मी पाहिलं. रेहाना खालाला न्हाऊ घालत होती, चादरीचं एक टोक माझ्याकडे. शबनमच्या तृतीयपंथी सोबतिणी दाराबाहेर चपला काढून उभ्या होत्या, आत पाऊल टाकायला कचरत. रेहाना मान वर न करता म्हणाली, "दुसरं टोक धरा कुणीतरी. बाहेर उभ्या आहेत त्यातलं कुणी या." माझे डोळे खालीच होते. समोर दोन रुंद हात आले, हिरव्या बांगड्यांचे. चादर ताणली गेली. रेहानाने पुढचा तांब्या ओतला.

चादर आता रेहानाच्या गॅलरीत वाळत असते, माझ्या खिडकीसमोर. परवा सकाळी एक बाई तिच्या दारात आली. खालाला बोलावणं सोडलेल्या घरांपैकीच एक घर. सासू गेली म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला. रेहानाने दोरीवरून चादर ओढून घेतली आणि माझ्या खिडकीकडे पाहिलं.

मी गॅस बंद केला आणि चपला घातल्या.